मॅनिफोल्डचे चकचकीत बोल्ट

ट्रॅक्टर वर्कशॉपच्या दारात यायच्या आधीच त्याचं दुखणं कळलं. लोड घेतला की फट् फट् फट्, आणि बॉनेटच्या एका बाजूला काजळीचा पट्टा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करून बाहेर नेणारा बीडाचा (ओतीव लोखंडाचा) नळ, सांध्यातून फुंकत होता. निपाणीकडचा ट्रॅक्टर, चार सिलिंडरचा, ऐन ऊस हंगामातला. दोन ट्रॉल्या शेतात भरून उभ्या होत्या आणि टोळी बसून होती.

"मिस्त्री, गॅस्केट बदलून बदलून दमलो बगा," ट्रॅक्टरवाले मामा म्हणाले. "आणि बोल्ट तर स्टेनलेसचे घातल्यात. गंजायचा प्रश्नच न्हाई."

बोल्ट खरंच गंजले नव्हते. मुंडीवर ए२-७०, म्हणजे स्टेनलेसची जात आणि ताकदीचा दर्जा, ही अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. पण पाना लावला तर मधले दोन बोटानं फिरावेत इतके सैल, आणि कडेचा एक मुंडीपाशीच तुटलेला. मामांचा संशय वेगळाच होता. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढून बोल्टला लावला, तो किंचित चिकटला. "डुप्लिकेट हाय न्हवं?" डुप्लिकेट नव्हता. हे बोल्ट थंड स्थितीत ठोकून घडवतात, त्यात या जातीच्या स्टेनलेसला थोडं चुंबकत्व येतं. माल अस्सल होता, जागा चुकली होती.

या जागी गंजापेक्षा जास्त छळते ती उष्णता. साधं पोलाद एका अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढतं, मॅनिफोल्डचं बीड ११च्या आसपास, आणि ए२ स्टेनलेस १७च्या आसपास. मी खडू घेऊन फरशीवरच हिशेब मांडला. फ्लँज, म्हणजे मॅनिफोल्डची इंजिनला टेकणारी सपाट कड, २० मिलिमीटर जाड, तापमान ४०० अंशांनी चढलं आणि दोन्ही सारखेच तापले असं धरलं, तर बोल्ट फ्लँजपेक्षा ०.०४८ मिलिमीटर जास्त वाढतो. आवळताना आपण तो ताणतो किती? तीनशे मेगापास्कलचा ताण धरला तरी २० मिलिमीटरला फक्त ०.०३. म्हणजे इंजिन तापलं की पकड संपली. थंड झालं की पुन्हा आवळल्यासारखं वाटतं, म्हणून सकाळी तपासणाऱ्याला काही सापडत नाही. त्यात ए२-७०ची ताकद ७०० मेगापास्कल, पण कायमचा ताणला जायची हद्द ४५०. साध्या काळ्या, ८.८ दर्जाच्या पोलादी बोल्टची ६४०.

मामा हिशेब बघत राहिले, मग म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे, तुटलेला कधी निघतोय?"

खरं काम तेच होतं. पोरगं ड्रिल घेऊन वेगानं भिडायला निघालं होतं, त्याला थांबवलं. स्टेनलेसवर ड्रिल नुसतं घासलं की तिथला थर कडक होतो, आणि उष्णता पुढं जात नसल्यानं ड्रिलचं टोक जळतं. मग कोबाल्टचं ड्रिलसुद्धा हात टेकतं. त्यापेक्षा तुटलेल्या बुंध्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरलं. बुंधा लाल होतो, फुगतो, गार होताना आखडतो आणि आट्यातली पकड सुटते. लालसर असताना घाई करायची नाही. थोडा गार होऊ दिला, पाना लावून पुढं-मागं, पुढं-मागं केलं. कुरकुरत निघाला. इंजिनच्या हेडमधले आटे शाबूत होते, टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ केले. अशा वेळी इझी-आउट, म्हणजे तुटक्या बोल्टात भोक पाडून घुसवायचं उलट्या आट्याचं हत्यार, मी शेवटीच काढतो, कारण ते आत तुटलं तर हेडच उतरवावं लागतं.

कडेचाच बोल्ट का तुटला, तेही बघून घेतलं. चारशे मिलिमीटरचा मॅनिफोल्ड तापून पावणेदोन मिलिमीटर लांबतो. हेड पाण्यानं थंड राहतं, ते त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यानंच वाढतं. म्हणून कडेची भोकं मोठी ठेवलेली असतात, फ्लँजला सरकायला. इथं गळतीची काजळी त्यात भरून दगड झाली होती. जागाच नाही म्हटल्यावर बोल्ट कापला जाणारच. कानस घालून भोकं मोकळी केली.

नवीन स्टड, म्हणजे बिनमुंडीचे दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट, मी बी७ रॉडमधून लेथवर काढले. क्रोम-मॉलिब्डेनमचं हे पोलाद साखर कारखान्यातल्या वाफेच्या पाइपांच्या फ्लँजला लावतात, त्यामुळं आमच्या भागातल्या जुन्या फिटरना ते चांगलं ओळखीचं. वाढ बीडाच्या जवळपास, ताकद ८६० मेगापास्कल. नट मात्र पितळेचे, लांब घेतले. गंजून जाम होत नाहीत. मामांनी नटसुद्धा स्टेनलेसचे असते तर, असं विचारलं. स्टेनलेसवर स्टेनलेस आवळलं की आटे एकमेकांना चिकटतात, मग स्टडसकट कापून काढावं लागतं. इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या थंड बाजूला किंवा उष्णतेच्या पत्र्याला हेच चकचकीत बोल्ट मी आनंदानं लावतो, आट्यांना निकेलची पेस्ट लावून.

मॅनिफोल्डचा फ्लँज सपाट आहे का ते सरफेस प्लेटवर टेकवून बघितलं, नवीन गॅस्केट घातली, आणि मधून कडेकडे, दोन टप्प्यांत आवळलं. पुन्हा आवळायला नक्की यायचं, असं मामांना बजावलं होतं.

ते आले, पण भरलेल्या ट्रॉल्यांसकट, इंजिन चालूच ठेवून. "दोन मिनिटाचं काम, असंच आवळा की." गार झाल्याशिवाय पाना लावणार नाही म्हटल्यावर चिडले. चहा झाला, उसाच्या दरावर बोलणं झालं, कारखान्याच्या वजनकाट्यावर झालं. इंजिनला हात टेकता यायला लागला तेव्हा पाना लावला. मधले दोन नट थोडे फिरले, कडेचे हलले नाहीत. मामांनी स्वतः चाकाजवळ वाकून काजळी शोधली आणि सेल्फ मारला.