तुम्ही विचारलंत म्हणून: ते हाल खरे होते का?

मी बोटीवर इंजिनात होतो हे कळलं की जुन्या शिडाच्या लढाऊ जहाजांवरच्या कादंबऱ्या वाचणारे हमखास एकच विचारतात: काका, त्यात खलाशांचे जे हाल दाखवलेत ते खरे, की लेखकाने तिखटमीठ लावलंय? परवा लग्नात पंगतीला बसलो तर समोरून भाच्याने तेच विचारलं. तोंडात जिलेबी, तेव्हा काय सांगणार. इथे सांगतो.

हाल खरे. पण गंमत अशी की या कादंबऱ्यांत ज्या पानांवर आपला श्वास अडकतो ती पुष्कळदा रचलेली निघतात, आणि आपण कंटाळून उलटतो ती पानं अस्सल असतात.

अमेरिकन कादंबरीकार हर्मन मेलव्हिलचंच घ्या. 1843 च्या ऑगस्टमध्ये होनोलुलूला तो ‘युनायटेड स्टेट्स’ या अमेरिकन फ्रिगेटवर, म्हणजे मध्यम आकाराच्या लढाऊ जहाजावर, साधा खलाशी म्हणून चढला आणि 1844 च्या ऑक्टोबरात बॉस्टनला उतरला. त्या अनुभवावर 1850 मध्ये त्याची ‘व्हाइट-जॅकेट’ आली. वाचलेल्या कुणालाही विचारा, नायक उंच डोलकाठीवरून थेट समुद्रात कोसळतो तोच प्रसंग आठवतो. अभ्यासकांनी नंतर शोधून काढलं की हे कोसळणं त्याने नथॅनियल एम्स नावाच्या दुसऱ्याच खलाशाच्या पुस्तकातून उचललंय. नायकाला फटके द्यायला उभं करतात आणि तो ऐन वेळी सुटतो, त्यालाही जहाजाच्या नोंदवहीत आधार नाही. इतरांना बसलेले फटके मात्र त्याने डोळ्यांनी पाहिले होते, तिथे खोटं काही नाही.

त्याच पुस्तकात जेवणाच्या वेळांबद्दल एक लांबलचक कुरकुर आहे. न्याहारी आठला, जेवण बाराला, आणि रात्रीचं म्हणायचं ते दुपारी चारला. आठ तासांत तिन्ही वेळा उरकल्या, की पुढचे सोळा तास पोटाला आधार नाही, मग रात्री वादळ येवो की आणखी काही. कारण काय, तर जेवणाची वेळ हुद्द्याप्रमाणे. लेफ्टनंट दोनला, कप्तान तीनला, कमोडोर त्याच्याही नंतर. खलाशांनी त्यांच्या पंक्तीच्या वेळेला कसं बसायचं? म्हणून त्यांना बारा. ही तक्रार टेबलाशी बसून सुचत नाही हो. मध्यरात्रीच्या वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीला, ज्याच्या पोटात कावळे ओरडलेत, त्यालाच ती सुचते.

झोपेचं तसंच. आमच्याकडे चार तास वॉच की आठ तास सुट्टी, आणि तरी बारा-चारचा वॉच महिनोन्‌महिने चालला की माणूस बिनसतो. साखर कुठल्या डब्यात आहे हेही आठवेनासं होतं. त्या जहाजांवर साधारण चार तास काम, चार तास आराम, आणि आरामातही ‘सगळे वर!’ अशी हाक आली की झोपायच्या टांगत्या झोळीतून उडी. कादंबरीत ही झोप फारशी येत नाही. यायची कशी? कथानक पुढे सरकत नाही तिच्याने.

आकड्याने पटवायचं तर ब्रिटिश कादंबरीकार टोबायस स्मॉलेट. हा 1741 मध्ये स्पॅनिशांच्या कार्ताहेना बंदरावरच्या ब्रिटिश मोहिमेत ‘चिचेस्टर’ जहाजावर सर्जनचा मदतनीस होता. 1748 च्या त्याच्या ‘रॉडरिक रँडम’मध्ये आजाऱ्यांची जागा येते: पन्नासेक माणसं झोळ्यांत रांगेने टांगलेली, प्रत्येकाला 14 इंच. वाचताना वाटतं, सोडली थाप. पण ब्रिटिश नौदलात धडधाकट खलाशालाही झोळीपुरते 14 इंचच मिळत, जेमतेम दीड वीत. फरक एवढाच, की धडधाकटांतले निम्मे वर पहाऱ्यावर असायचे, त्यामुळे शेजारची जागा मोकळी मिळे. आजाऱ्याला कसला पहारा? त्यांच्या झोळ्या भरलेल्याच. पुढे ‘माझ्या जहाजावर कुणी आजारी असणार नाही’ म्हणून सगळ्यांना डेकवर ओढून आणणारा कप्तान ओकम येतो. तो थोडा रंगवलाय, असं माझं मत.

(अशा जहाजाच्या पोटात उभं राहायचं असेल तर इंग्लंडात हार्टलपूलला ‘ट्रिंकोमाली’ आहे. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधली, सागवानात, 1817 ची. तिथून जवळच टीस नदीवरच्या बंदरात आमची बोट लागली होती तेव्हा मी बघून आलो. खालच्या डेकवर मान वाकवूनच फिरलो, आणि मी काही उंच माणूस नव्हे.)

तोफा, तलवारी आणि उडणारी मुंडकी यांच्याबद्दल एकच सांगतो. सात वर्षांच्या युद्धात, 1756 ते 1763, ब्रिटिश नौदलात सुमारे 1,85,000 माणसं भरती झाली. लढाईत मेली 1,512. रोगाने मेलेली आणि बेपत्ता किंवा पळालेली मिळून 1,33,000 च्या वर. लेखक मात्र लढाईला प्रकरणंच्या प्रकरणं देतात आणि ताज्या भाजी-फळांअभावी होणाऱ्या स्कर्व्ही रोगाला परिच्छेद.

आणि फटके? त्याशिवाय अशी कादंबरी पुरी होत नाही. पण एप्रिल 1797 मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ स्पिटहेडला ब्रिटिश आरमारातल्या खलाशांनी जहाजं हलवायला नकार दिला, तेव्हा त्यांनी काय मागितलं बघा. पगारवाढ, कारण 1650 च्या दशकापासून पगार तोच होता. रेशनाचा पौंड पुरा 16 औंसांचा, कारण वाटणारा 14 च औंस मापायचा. बंदरात ताजी भाजी. आजाऱ्यांची नीट सोय. घरी जायला सुट्टी. काही जुलमी अधिकाऱ्यांना उतरवा असंही म्हणाले, पण फटके सरसकट बंद करा असं मागितलंच नाही. उठाव चालू असताना शिस्तीसाठी त्यांनी स्वतःच आपल्या माणसांना फटके दिले. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत नौदलाच्या ‘तलवार’ या किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण केंद्रातले खलाशी संपावर गेले तेव्हाही ठिणगी पडली ती निकृष्ट जेवणावरून. अपमान, राजकारण सगळं होतंच, पण पहिल्यांदा ताट सरकवलं गेलं.

भाच्याला मी ‘व्हाइट-जॅकेट’ द्यायचं कबूल केलंय. डोलकाठीवरून पडण्याचं प्रकरण त्याला आवडेल, आवडू दे. न्याहारी-जेवणाचं प्रकरण गाळलंस तर पुस्तक परत घेईन, एवढी ताकीद दिली आहे.