टेक्सासला का गेलो नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "तुम्ही अजून न्यू जर्सीतच? टेक्सासला स्टेट इन्कम टॅक्स शून्य आहे, मग इथे कशाला पैसे घालवता?" नव्याने आलेली मुलं हे विचारतात, टेक्सासमधल्या डॅलसला गेलेले जुने मित्र विचारतात, आणि हल्ली साताऱ्याहून माझा भाऊही फोनवर विचारतो. त्याला समजावणं जास्त अवघड जातं. महाराष्ट्रात पगारावर राज्याचा कर म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार रुपये व्यवसाय कर. प्राप्तिकर सगळा केंद्राचा. एकाच पगारावर दोन सरकारांनी वेगवेगळा प्राप्तिकर घ्यावा, हे त्याच्या पचनी पडत नाही.

आधी आकडे बघा. नवरा-बायकोचं मिळून करपात्र उत्पन्न एक लाख डॉलर असेल, तर न्यू जर्सीचा प्राप्तिकर होतो २,७५० डॉलर. १०.७५ टक्के हा जो दर सगळे घाबरून सांगतात, तो दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर लागतो. खालचे टप्पे १.४ टक्क्यापासून सुरू होतात. आणि घरपट्टी? २०२४ साली राज्यातलं घरपट्टीचं सरासरी बिल पहिल्यांदाच दहा हजार डॉलरच्या वर गेलं. म्हणजे ज्या करापायी लोक राज्य सोडायला निघतात, तो आमच्यासारख्यांच्या बाबतीत दोन्हींतला लहान कर आहे.

मी मुद्दाम घरपट्टी म्हणते. प्रॉपर्टी टॅक्स म्हटलं की जमीनजुमलेवाल्यांचं काहीतरी वाटतं. आमच्या गावी ग्रामपंचायतीची पावती यायची, तीच ही. फक्त इथे तिच्यावर गावची शाळा चालते. आमच्या बिलातला निम्म्याहून जास्त पैसा शाळेकडेच जातो.

२००९ च्या जानेवारीत माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. दहा महिने तो घरी होता आणि माझी नोकरी अर्धवेळ. त्या वर्षी राज्याचा प्राप्तिकर आपोआप नावापुरता उरला. बेकारी भत्त्यावर न्यू जर्सी करच घेत नाही, तोही हातात पूर्ण आला. घरपट्टी मात्र होती तेवढीच. तिचे हप्ते फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या एक तारखेला असतात. आमचे पैसे घरकर्जाच्या हप्त्याबरोबर एस्क्रोत, म्हणजे बँकेने घरपट्टीसाठी वेगळ्या ठेवलेल्या खात्यात, जमा व्हायचे आणि तिथून बँक टाउनशिपला, म्हणजे इथल्या गावच्या पालिकेला, भरायची. त्या उन्हाळ्यात बँकेचं पत्र आलं: घरपट्टी वाढली आहे, एस्क्रोत पैसे कमी पडतात, पुढच्या महिन्यापासून हप्ता वाढेल. ते पत्र घेऊन मी स्वयंपाकघरात किती वेळ उभी होते ते आठवत नाही. धाकटी तेव्हा दुसरीत होती. तिचा पोहण्याचा क्लास त्याच आठवड्यात बंद केला.

करांमधला फरक मला तेव्हा कळला. प्राप्तिकर विचारतो, यंदा किती मिळालं? घरपट्टी विचारते, घर केवढ्याचं? टेक्सासमध्ये पहिला प्रश्न विचारलाच जात नाही. २०१९ मध्ये तिथल्या मतदारांनी प्राप्तिकराची वाट राज्यघटनेतच बंद केली. पण शाळा, रस्ते, पोलीस यांना पैसा लागतोच. तो येतो घरांवरून आणि विक्रीकरातून, जो स्थानिक भाग धरून ८.२५ टक्क्यांपर्यंत जातो. न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर नाही, तिथे मुलांच्या बुटांवरही आहे. हे सगळे कर कमी पगारवाल्याच्या मिळकतीतला मोठा हिस्सा खातात, आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

न्यू जर्सीतही १९७६ पर्यंत पगारावर राज्याचा प्राप्तिकर नव्हता. जर्सी सिटीतल्या एका शाळकरी मुलाच्या नावाने खटला उभा राहिला. तक्रार अशी की गरीब शहरात घरं स्वस्त, त्यामुळे दर चढा लावूनही शाळेला पैसा पुरत नाही, आणि श्रीमंत उपनगरात कमी दरातही भरपूर जमतो. १९७३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. विधिमंडळ पैशाची सोय करेना, तेव्हा १ जुलै १९७६ ला न्यायालयाने राज्यभरच्या सरकारी शाळांचा खर्चच थांबवला. त्याच महिन्यात गव्हर्नर ब्रेंडन बर्न यांनी प्राप्तिकराच्या कायद्यावर सही केली. हा पैसा घरपट्टीचा भार हलका करण्यासाठीच वापरायचा, असं राज्यघटनेत लिहिलेलं आहे. तरीही इथली घरपट्टी देशात सर्वांत जड राहिली, याचा मला मनापासून राग आहे. समोरच्या आजींचं घर कर्जमुक्त होतं, नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि दर महिन्याला घरपट्टीपोटी आठशे डॉलर बाजूला काढणं जमेना म्हणून त्यांनी ते विकलं.

भाड्याने राहणाऱ्या मुलांना वाटतं, आपला याच्याशी काय संबंध? घरमालक घरपट्टी भाड्यातूनच वसूल करतो. म्हणून तर राज्य तुमच्या भाड्याचा १८ टक्के भाग घरपट्टी समजून करात वजावट देतं. राज्याच्या 'अँकर' या घरपट्टी-सवलतीच्या योजनेत दीड लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या भाडेकरूला ४५० डॉलर आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्याला १,५०० डॉलर मिळत आले आहेत. माझ्या ओळखीच्या कितीतरी मुलांनी कधी अर्जच केला नाही. कृपा करून करा.

माझा भाचा तीन वर्षांपूर्वी डॅलसच्या उत्तरेला गेला. नवं बांधलेलं घर घेतलं. पहिल्या वर्षीची घरपट्टी बघून त्याने मला आनंदाने फोन केला होता. ती नुसत्या प्लॉटवरची होती, कारण एक जानेवारीला घर उभंच नव्हतं. दुसऱ्या वर्षी पूर्ण घराचं बिल आलं आणि एस्क्रोचा हप्ता महिन्याला सहाशे डॉलरने चढला. "मावशी, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं," म्हणाला. मी आधी विचारलं, होमस्टेडचा अर्ज भरलास का? भरला नव्हता. राहत्या घराला शाळेच्या करात मोठी सूट असते, आणि घराची करपात्र किंमत वर्षाला दहा टक्क्यांवर वाढू नये याची मर्यादाही त्याच अर्जाने लागू होते. त्याच रात्री त्याने तो भरला.

यंदा एप्रिलमध्ये घराच्या मूल्यांकनाची नोटीस आली तेव्हा त्याने हरकत घ्यायचं ठरवलं. आमच्याकडे शेजारचं घर केवढ्याला विकलं गेलं ते सरकारी दप्तरात कोणालाही बघता येतं. टेक्सासमध्ये विक्रीची किंमत जाहीर करायचं बंधन नाही, पण काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, मूल्यांकन कार्यालयाने प्रत्येक घराची ठरवलेली किंमत संकेतस्थळावर दिसते. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर बसून आम्ही दोघांनी त्याच्या गल्लीतल्या अकरा घरांचे आकडे उतरवून काढले.