दोन्हीकडचा पाऊस

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत काय लिहावं, हे मला शोधावं लागलं नाही. भूगोलाच्या बाईंनी अधिक महिना शिकवला त्या तासाचं ऋण मी कधीपासून मनात बाळगून आहे.

चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षीची तूट भरून काढली नाही तर दिवाळी सरकत सरकत भर पावसात येईल, असं बाई सांगत होत्या. मी अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरातली. आमच्या भिंतीवर मराठी कॅलेंडरशेजारी मशिदीतून आणलेलं हिब्रू महिन्यांचंही असे. (सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, आमच्यात मशीदच म्हणतात.) मी विचारलं, "बाई, आमच्यात कधीकधी अदार महिना दोनदा का येतो?" बाईंनी उलट मलाच विचारलं, "तुमचा कोणता सण ऋतू चुकवून चालत नाही? घरी विचारून ये."

घरी आजोबांनी तोरा, आमचा धर्मग्रंथ, उघडून दाखवली. पेसाख, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेचा सण, हिरव्या कणसांच्या महिन्यातच पाळायचा, अशी तिथे आज्ञा आहे. तो महिना निसान. जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा पेसाखच्या दुसऱ्या दिवशी जवाच्या नव्या पिकाचा पहिला वाटा देवाला वाहत. तिथून ४९ दिवस मोजायचे आणि पन्नासाव्या दिवशी, सिवान महिन्यात, शावुओतचा सण. तोवर गहू हाताशी आलेला असे. म्हणून १९ वर्षांत ७ वेळा निसानच्या आधी अदार वाढवतात. आपल्याकडे अधिक श्रावण येतो, अधिक ज्येष्ठ येतो. तिथे वाढतो तो अदारच, कारण सगळा हिशोब जवाच्या कणसासाठी आहे.

दुसऱ्या दिवशी हे सगळं वर्गात सांगायला बाईंनी मला फळ्यापाशी उभं केलं. माझ्या घरातली गोष्ट भूगोलाच्या तासाला शोभते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पुढे लग्न होऊन मी इस्रायलला आले आणि दक्षिणेतल्या बेरशेबा शहरात राहिले. ते महिने खऱ्या अर्थाने मला इथे दिसले. इथला पाऊस हिवाळ्यातला. तिश्री महिन्यात (सप्टेंबर-ऑक्टोबर) सुक्कोतचा सण म्हणजे द्राक्षं, अंजीर, खजूर घरात आणून झाल्यावरचा आनंद; तो संपताना प्रार्थनेत पावसाचं स्मरण सुरू होतं. पण प्रत्यक्ष पाऊस मागायचा तो पंधरा दिवसांनी, पुढच्या हेश्वान महिन्याच्या सप्तमीला. याचं कारण मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन ग्रंथात दिलं आहे: सणाला जेरुसलेमला आलेला शेवटचा यात्रेकरू फरात नदीपर्यंत परत पोचू दे, मगच पाऊस पडू दे. पेरणीसाठी आसुसलेला शेतकरी वाटेवरच्या परक्या माणसासाठी थांबतो. सगळ्या पंचांगात मला याहून मोठं काही वाटत नाही.

आता हेच हेश्वानचे दिवस कोकणात आठवा. भात कापून शेतात आडवं पडलेलं, आणि त्यावर सर आली तर वर्षाची मेहनत मातीत! आव महिन्यात (जुलै-ऑगस्ट) याच्या उलट. त्याच्या नवमीला जेरुसलेमच्या पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही मंदिरांच्या विध्वंसाचा उपास. इथे तेव्हा आभाळात ढगही नसतो. अलिबागला मात्र ओटीवर पागोळ्या गळत असत आणि उपास सोडायला आई भात आणि वालाचं बिरडं करी. आम्ही त्या दिवसाला बिरड्याचा सणच म्हणतो. भातानंतर त्याच शेतात पेरलेले वाल, सुकवून पावसाळ्यासाठी ठेवलेले. भाजी मिळायची नाही तेव्हा तेच. जव आणि द्राक्षांच्या देशातला शोक आमच्या वाडवडिलांनी वालांवर पाळला आणि तिथी मात्र हलू दिली नाही. मला याचा फार अभिमान आहे.

शेवात महिन्याची (जानेवारी-फेब्रुवारी) पौर्णिमा हे झाडांचं नवं वर्ष. इथे बदाम फुललेले असतात, शाळेतली मुलं रोपं लावतात. त्याच दिवशी अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाचा, उरूस भरतो आणि मलिद्याचा प्रसाद होतो: पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, फळं. मी बेरशेबातही मलिदा करते. नातवंडं रोप लावून मातीच्या हातांनी येतात आणि आधी हात धुवायला पाठवावं लागतं.

२०२४ साली दोन्ही पंचांगं छान जुळली होती. २४ मार्चला अदारमधला पुरीमचा सण आणि होळी, २३ एप्रिलला पेसाख आणि हनुमान जयंती, ३ ऑक्टोबरला रोश हशाना, म्हणजे तिश्रीतलं ज्यू नववर्ष, आणि घटस्थापना. आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, आपल्याकडे अधिक श्रावण आल्यामुळे शेवटच्या जोडीत महिन्याचं अंतर पडलं होतं.

या लेखासोबत दोन्हीकडचे महिने शेजारी मांडलेला एक तक्ता पाठवते आहे. त्यात पिकं हिरव्या शाईने आणि पाऊस निळ्या शाईने लिहिला आहे. तो भूगोलाच्या वर्गात लावावा, आणि कुठल्याही मुलीने आपल्या घरचा महिना विचारला तर तिला फळ्यापाशी बोलवावं, एवढी विनंती.