चमकी कुठल्या बाजूला?

आमच्या घरात एक्स-रे कधी टाकून दिला जात नाही. कपाटावर, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, खाकी पाकिटांमधून वडिलांची छाती, आत्याचा गुडघा आणि शाळेत असताना मोडलेलं माझं मनगट गुण्यागोविंदाने नांदतात. १९९५ च्या दिवाळीत सूर्यग्रहण लागलं, तेव्हा आख्ख्या गल्लीने ते वडिलांच्या बरगड्यांतून पाहिलं. (असं बघणं डोळ्यांना घातक, हे आम्हाला ग्रहण सुटल्यावर कळलं.) त्यामुळे एक्स-रेच्या कोऱ्या फिल्मचं खोकं काखोटीला मारून मी घरी आलो, तेव्हा आईने चप्पल काढायच्या आत विचारलं, "कुणाला काय झालं?"

झालं होतं मलाच, आणि ते वागीश्वरीमुळे. मामांचा स्टुडिओ बंद झाला तेव्हा ज्याने त्याने आपापलं उचललं. कुणी फिरतं स्टूल नेलं, कुणी राजवाडा रंगवलेला पडदा. वागीश्वरी कुणालाच नको होती, म्हणून ती माझ्या वाट्याला आली. केरळात आलप्पुळ्याला बनलेला हा सागवानी कॅमेरा. पितळी पट्ट्या, मधे लोहाराच्या भात्यासारखा भाता, मागे काळं कापड. बटण नाही. लेन्सची टोपी काढायची, मनात एकदा 'जय हरी विठ्ठल' म्हणायचं की सेकंद झाला, टोपी परत घालायची. माप हाफ प्लेट, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. या मापाची फिल्म आपल्याकडे कुठे मिळते हे विचारायला गेलो तर दुकानदार माझ्याकडे दयेने बघायला लागले. आठ बाय दहाची परदेशी शीट घेऊन कापता येते. तिचा भाव ऐकला आणि घरी येऊन वागीश्वरीवर मुकाट्याने चादर टाकली.

मग कुणीतरी सांगितलं, एक्स-रेची फिल्म वापर. मिरज आमच्यापासून अर्ध्या तासावर, आणि मिरजेत दर चार घरांमागे एक दवाखाना. आठ बाय दहाच्या एका शीटमध्ये दोन हाफ प्लेट बसतात आणि शीट पडते दोन वडापावांच्या पैशात. मी हरखून पहिलं खोकं घेतलं. डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं हलवत बसलो. फिल्म कोरी ती कोरीच. ती निघाली ड्राय फिल्म. हल्लीच्या डिजिटल यंत्रांत उष्णतेने छापायची असते ती. तिला ना डेव्हलपर लागतो ना चित्र पक्कं करणारा हायपो. खोकं फोडलेलं, त्यामुळे परत घ्यायला दुकानदार तयार नाही. "साहेब, ओली फिल्म आता वापरतं कोण?" हे मात्र त्याने मलाच सुनावलं.

ओली फिल्म वापरणारे एक काका शेवटी भेटले. वापरणारे म्हणजे एके काळी वापरलेले. मिरजेत चाळीस वर्षं एक्स-रे काढून निवृत्त झालेले. मी कॅमेऱ्यात एक्स-रे फिल्म घालतोय हे ऐकून त्यांना जराही नवल वाटलं नाही.

"अरे, ती उजेडाचीच फिल्म आहे," ते म्हणाले. "क्ष-किरण फिल्मवर कुठले टिकायला? बहुतेक आरपार निघून जातात. म्हणून कॅसेटमध्ये, म्हणजे फिल्मच्या चपट्या डब्यात, दोन्ही अंगांना स्क्रीन असतात. किरण पडले की ते हिरवे चमकतात, आणि फिल्म काळी होते ती त्या हिरव्या उजेडाने."

म्हणूनच या फिल्मला पुढूनमागून दोन्हीकडे उजेड टिपणारा लेप असतो. उलटसुलट कशीही घाला, चालते. तिला निळं आणि हिरवं दिसतं. लाल मात्र अजिबात दिसत नाही. त्यामुळे लाल दिव्याखाली ती बिनधास्त कापता येते, आणि चित्र उमटताना डोळ्यांनी बघता येतं.

तसं पाहिलं तर ही उसनवारी जुनीच. १८९५ च्या डिसेंबरात रोंटगेनने बायकोच्या हाताची हाडं आणि बोटातली अंगठी उमटवली, ती फोटोग्राफरच्याच काचेवर. आपल्याकडे उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कारखाना होता, तिथून 'इंदू' नावाने फोटोची फिल्मही निघायची आणि एक्स-रेचीही. मामांच्या स्टुडिओत आणि काकांच्या डार्करूममध्ये एकाच कारखान्याची खोकी रिकामी होत होती. दोघांची ओळख मात्र कधी झाली नाही.

काकांनी मला खरं शिकवलं ते फिल्म सांभाळायला. मी ट्रेमध्ये फिल्म धुवायचो आणि दर वेळी तिच्यावर मांजराने बोचकारल्यासारखे ओरखडे उठायचे. ट्रेमध्ये खालची बाजू तळाला घासते, आणि इथे तर खालच्या बाजूलाही चित्र. ओला लेप इतका नाजूक असतो की नुसतं नख लागलं तरी दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो. काकांनी माळ्यावरून स्टीलची एक चौकट काढली, चार कोपऱ्यांना चार चाप असलेली. म्हणाले, "फिल्म टांगायची. आडवी निजवायची नाही." चौकट टाकीत सोडली की ती हळूच एकदा टाकीच्या काठावर आपटायची, म्हणजे बुडबुडे सुटतात. हे त्यांनी हवेत चौकट आपटून दाखवलं. चाळीस वर्षांची सवय. आवाजसुद्धा बरोबर आला.

एक्स-रेचा डेव्हलपर फार तिखट. हाड काळ्यावर पांढरं उठून दिसावं म्हणून तो बनवलेला. माणसाच्या गालावर तो चालवला तर चेहऱ्याचा खडू आणि कोळसा होतो. म्हणून मी घरीच सौम्य डेव्हलपर कालवतो. लिटरभर कोमट पाण्यात आधी चिमूटभर सोडियम सल्फाइट, मग साडेसात ग्रॅम मेटॉल, ते विरघळलं की बाकीचं सल्फाइट, सगळं मिळून शंभर ग्रॅम. क्रम चुकला की मेटॉल विरघळता विरघळत नाही. वापरताना त्यात तिप्पट पाणी. आईने पहिल्यांदा तराजू पाहिला तेव्हा म्हणाली, "एवढ्या मापाने कधी पोह्यात मीठ घातलं असतंस तर."

तिचा फोटो काढायचा ठरला तो पहिला चांगला फोटो. ओसरीवर, सकाळी नऊच्या सुमाराला, खुर्चीत. फिल्म कशाची हे कळल्यावर ती जरा मागे सरली. "किरणं नाही ना बसायची?" मी सांगितलं, किरणं यंत्रातून येतात, फिल्ममधून नाही. तिला अर्धवट पटलं. खोक्यावर फिल्मचा वेग, म्हणजे ती उजेड किती झटकन टिपते ते, लिहिलेला नसतो. मी अनुभवाने पन्नास धरतो. लेन्सचं तोंड एफ १६ वर बारीक केलं, एक विठ्ठल. तिने डोळेसुद्धा मिटले नाहीत.

लाल दिव्याखाली चौकट टाकीत सोडली. मिनिटभर काहीच नाही. मग सगळ्यांत आधी तिचे पांढरे केस काळे व्हायला लागले. गेली दहा वर्षं तिने डाय लावलेला नाही, आणि इथे माझ्यासमोर ती तरुण होत चालली होती. मग खांद्यावरचा पदर काळा झाला, मग गाल, हळूहळू. कपाळावरचं कुंकू तेवढं कोरं राहिलं. लाल या फिल्मला दिसतच नाही. तिथे उजेड आला होता, पण फिल्मच्या लेखी तिथे काहीच नव्हतं. कागदावर छापल्यावर ते कुंकू काळंभोर झालं, आजीच्या जुन्या फोटोत आहे तसं. आजी काळं कुंकू लावायची असं मी लहानपणी खरंच समजत होतो.

कुंकवाचं ठीक. त्वचेचं अवघड. गालावरचे वांग, डोळ्यांखालची जाळी, हनुवटीवरची लहानपणीची खूण, सगळं दुपटीने गडद उमटलं. मामा फोटोआधी बायकांना पावडर का लावायला लावायचे ते आता कळलं. मागच्या खिडकीभोवती उजेडाचं मोहोळ उठलं होतं, कारण फोटोच्या फिल्मला मागून असतो तसा उजेड अडवणारा लेप हिला नाही. मला ते मोहोळ आवडतं. आईला आवडलं नाही. तिने फोटो बघितला, चष्मा पुसला, परत बघितला. "हाडं नाही आली, एवढंच," म्हणाली.

निगेटिव्ह दाखवायला मी काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी ती दोन बोटांत कड धरून ट्यूबलाइटपुढे धरली, डॉक्टर धरतात तशी, आणि चेहऱ्याकडे न बघता आधी खालचा कोपरा बघितला. सवयीने. तिथे काही नव्हतं.

"आर-एल कुठंय?"

"त्याची काय गरज, काका?"

"दोन्हीकडे लेप. सरळ कुठली आणि उलटी कुठली, हे फिल्म सांगत नाही. आम्ही शिशाचं अक्षर ठेवायचो, उजवीला आर, डावीला एल. नाहीतर उजव्या गुडघ्याऐवजी डावा कापतील."

मी गप्प. घरी फोटो छापताना मी फिल्म कुठल्या अंगाने ठेवली होती, हे मला आठवेना. काका निगेटिव्ह डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. "वहिनींची चमकी डाव्या नाकात ना?"

"हो."

"पेशंटची डावी ती आपली उजवी," असं म्हणत त्यांनी फिल्म फिरवली, आणि पहिल्यांदा चेहऱ्याकडे बघितलं.