सीडीला पॉलिश लावून आवाज सुधारतो का?

सीडीवर कसलंसं लिक्विड चोळलं की बास टाइट होतो, गायक एकदम समोर येऊन बसतो वगैरे सांगणारे अजूनही भेटतात. मला त्यातलं एवढंच पटतं की डिस्क साफ होते. बोटांचे डाग असतील, गाणं अडकत असेल, तर पुसल्यावर नीट वाजणारच, त्यासाठी महागडी बाटली कशाला?

मुळात सीडीवर आकडे असतात हो, सेकंदाला 44,100 सॅम्पल, दोन चॅनल, प्रत्येक सॅम्पल 16 बिटचं. लेझर वाचताना चुका होतात, अगदी नव्या कोऱ्या डिस्कवरही होतात, पण सीआयआरसी नावाचं एरर करेक्शन आहे ना, त्यामुळे ट्रॅकचा साधारण 2.5 मिलिमीटरचा सलग तुकडा वाचता आला नाही तरी मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. त्यापुढे गेलं की प्लेअर मधली जागा अंदाजाने भरतो, आणि तेही जमेना की टकटक, नाहीतर गाणं थेट उडी मारतं. बास जरा सैल झाला असा बिघाड यातून होत नाही. जिटरचं (आकडे बाहेर पडण्याच्या वेळेतली बारीक गडबड) म्हणाल तर डेटा आधी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात जातो आणि क्रिस्टलच्या क्लॉकवर बाहेर येतो, लिक्विडचा तिथे काही संबंध नाही.

खात्री करायचीये? लिक्विड लावण्याआधी डिस्क रिप करा (म्हणजे गाणी कॉम्प्युटरवर उतरवा), लावल्यावर परत करा, दोन्ही फाइलींचा चेकसम (फाइलीतल्या आकड्यांवरून निघणारी ओळखसंख्या) जुळवा. जुळला तर विषय संपला.

लेझरचा भटकलेला प्रकाश शोषला जावा म्हणून डिस्कच्या कडेला हिरवा मार्कर फिरवायचं फॅड तर अजब. लेझर 780 नॅनोमीटरचा, म्हणजे इन्फ्रारेड, डोळ्याला हिरवी दिसणारी शाई तो शोषेलच कशावरून? आणि डिस्कचं चुंबकत्व काढणारा म्हणे डिमॅग्नेटायझर! अॅल्युमिनियमच्या थराचं काय डिमॅग्नेटाइज करणार, देव जाणे.

नुकसान मात्र खरंखुरं होऊ शकतं. आपण जपतो चमकणारी बाजू, पण तिथे 1.2 मिलिमीटर पॉलिकार्बोनेट आहे, डेटा असतो लेबलच्या बाजूला, नुसत्या लॅकरच्या पातळ थराखाली. तिथे तीव्र सॉल्व्हंटचा मार्कर किंवा भलतंच केमिकल गेलं की अॅल्युमिनियम खराब व्हायची भीती. थिनर, अॅसिटोन तर कुठल्याच बाजूला नको, प्लॅस्टिक पांढुरकं पडतं. गाडीच्या डॅशबोर्डचं पॉलिश लावणारेही आहेत (खरंच आहेत), त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ चिकटते. आवाज सुधारायला म्हणून डिस्कवर चिकटवायच्या रिंगा जरा जरी वाकड्या बसल्या तरी डिस्क थरथरते.

मऊ कापड, थोडं पाणी, आणि पुसायचं मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही, कारण ट्रॅकच्या दिशेने पडलेला ओरखडा एरर करेक्शनला जड जातो. खालच्या बाजूचे ओरखडे घासून काढणारं पॉलिश कधीकधी उपयोगी पडतं, हे मान्य. लेबलकडून खरवडलं गेलं असेल तर इलाज नाही. डिस्क लाइटसमोर धरून बघा, बारीक भोकं दिसली तर जेवढं वाचतंय तेवढं आजच रिप करून ठेवा.