पॅकिंग लिस्टमधली ‘चेसिस’

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी, म्हणजे धातू ओतून भाग घडवणाऱ्या कारखान्यासाठी, फ्रान्सहून मोल्डिंगचं (वाळूचे साचे बनवायचं) जुनं मशीन येत होतं. सोबतच्या पॅकिंग लिस्टचं भाषांतर आधीच झालेलं होतं. त्यात ‘वरची चेसिस 24, खालची चेसिस 24, गजन पिन 48’ असं लिहिलं होतं. कागद तपासणाऱ्याने इंजिन नंबर आणि चेसिस नंबर मागितले, आणि माल अडकला. तेव्हा मूळ फ्रेंच यादी माझ्याकडे आली.

यादी नीट वाचली तर गाडीचा संशय टिकत नाही. ट्रकच्या चेसिसला वरची-खालची जोडी नसते. पुढच्या रकान्यात माप होतं 600 × 500 × 200 मिलिमीटर, म्हणजे गुडघ्याएवढीही नाही. मटेरियल ओतीव लोखंड. फ्रेंच फाउंड्रीत ‘शासी’ (शेवटचा स उच्चारत नाहीत) म्हणजे मोल्डिंग बॉक्स: तळ आणि झाकण नसलेली, वाळू धरून ठेवणारी चौकट.

हे बॉक्स जोडीनेच चालतात. खालच्या बॉक्सात, म्हणजे ड्रॅगमध्ये, पॅटर्नवर (हव्या त्या भागाच्या नमुन्यावर) वाळू ठासायची आणि बॉक्स उलटायचा. त्यावर वरचा बॉक्स, कोप, पिनांवर बसवून पुन्हा ठासायचं. मग दोन्ही सोडवून पॅटर्न काढायचा, कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) ठेवायचा, बॉक्स मिटवून क्लॅम्प लावायचे आणि वितळलेल्या धातूचा रस ओतायचा. क्लॅम्प किंवा वजन कमी पडलं तर रसाच्या दाबाने कोप उचलला जातो आणि फटीतून रस वाहतो. पिना किंवा बुश (पिना ज्यांत बसतात त्या नळ्या) झिजले असतील तर दोन्ही भाग एकमेकांवरून सरकतात आणि कास्टिंगवर, म्हणजे ओतलेल्या भागावर, पार्टिंग लाइनला (दोन्ही बॉक्स मिळतात त्या रेषेवर) पायरी येते. मशीनिंगला सोडलेल्या जास्तीच्या धातूत ती पायरी निघाली तर ठीक, नाहीतर माल भंगारात. म्हणून जुने बॉक्स घेताना मी आधी बुश बघायला सांगतो, रंग नंतर.

घोळ होण्याचं कारणही समजण्यासारखं आहे. कस्टम्सच्या कोडमध्ये 8706 म्हणजे इंजिन बसवलेली मोटारगाडीची चेसिस. 8480 ची सुरुवातच फाउंड्रीच्या मोल्डिंग बॉक्सने होते. इंग्रजी मसुद्यात हे दोन वेगळे शब्द आहेत, फ्रेंच मसुद्यात दोन्हीकडे ‘शासी’च.

शब्दाचं मूळ लॅटिन ‘काप्सा’, म्हणजे पेटी. त्यावरून फ्रेंच ‘शास’: संतांचे अवशेष ठेवायची पेटी, तसंच एखादी वस्तू धरणारी चौकटही. त्यावरून ‘शासी’. काहीतरी धरून ठेवणारी चौकट हा अर्थ पक्का झाल्यावर प्रत्येक धंद्याने तो आपापल्या कामाला लावला. चित्रकाराची शासी म्हणजे कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट. कॅनव्हास ढिला पडला की कोपऱ्यातल्या पाचरी हलक्या हाताने ठोकायच्या. माळ्याची शासी म्हणजे रोपांवरची काचेची चौकट. नाटकाच्या मंचावर ती रंगवलेला पडदा ताणलेली फ्रेम, फोटोग्राफरकडे प्लेट धरणारा होल्डर. खिडकीची शासी इंग्रजीत गेली आणि ‘सॅश’ झाली. तोफ ज्यावर मागेपुढे सरकते ती चौकटही शासीच. मोटारीचा अर्थ या सगळ्यांच्या मागून आला, पण आपल्याकडे तेवढाच पोहोचला आणि आरसी बुकावर बसला.

दुरुस्तीत मी ‘मोल्डिंग बॉक्स, कोप’ आणि ‘मोल्डिंग बॉक्स, ड्रॅग’ असं लिहिलं, माप आणि मटेरियल त्याच ओळीत आणलं आणि 8480 कडे बोट दाखवलं. पिनांची ओळ मात्र वेगळी समजावावी लागली, कारण गाडीचा संशय तिनेच पक्का केला होता. मूळ शब्द ‘गूजों’. आपल्या गॅरेजमधली गजन पिन याच शब्दाच्या वंशातली. ती पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडते. आजच्या फ्रेंच मेकॅनिकचा त्या पिनेसाठीचा शब्द वेगळाच आहे, ‘आक्स द पिस्तों’. या यादीतली गूजों म्हणजे बॉक्सच्या कानांत (बाजूला बाहेर आलेल्या भागांत) बसणारी, दोन्ही बॉक्स नेमके एकावर एक बसवणारी लोकेटिंग पिन. जोडीला दोन, म्हणून 24 जोड्यांना बरोबर 48.