रायझरएफएसची जुनी डिस्क आणि तिच्यामागचा माणूस

जिनिंगच्या ऑफिसात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये २००६ च्या आधीचा सुसे लिनक्सचा सर्व्हर पडून असेल, तर त्याच्या डिस्कवर बहुतेक रायझरएफएस असणार. तेव्हा सुसेची ती ठरलेली फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत, होती. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ६.१३ कर्नलमधून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातून, ती काढून टाकली आहे. म्हणून डेटा आत्ताच बाहेर काढा.

नाव आलं हान्स रायझरवरून. तो कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. २००१ मध्ये २.४.१ कर्नलमध्ये त्याची फाइलसिस्टीम दाखल झाली. मुख्य कर्नलमधली ती पहिली जर्नलवाली, म्हणजे बदलांची आधी नोंद ठेवून अचानक बंद पडल्यावर सावरणारी. ३ सप्टेंबर २००६ ला त्याच्यापासून वेगळी राहणारी बायको नीना बेपत्ता झाली. ती डॉक्टर होती, दोन लेकरांची आई. १० ऑक्टोबरला त्याला अटक झाली. एप्रिल २००८ मध्ये ज्यूरीने पहिल्या दर्जाच्या खुनाचा दोषी धरलं. मग त्याने मृतदेहाची जागा दाखवली आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या दर्जाच्या खुनासाठी १५ वर्षे ते जन्मठेप झाली. नीनाच्या मरणावरून फाइलसिस्टीमचे विनोद आजही फिरतात. ते थांबले पाहिजेत.

तो आत गेला म्हणून रायझरएफएस संपली, हे अर्धंच खरं. ती सोडायचा प्रस्ताव सुसेमध्ये अटकेच्या आधीच मांडला गेला होता. रायझरचं लक्ष रायझर४ या पुढच्या फाइलसिस्टीमकडे गेलेलं, इतर डेव्हलपरांशी संबंध बिघडलेले, दुरुस्ती करणारे हात मोजकेच. तुरुंगातून २०२३ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने त्या वागण्याबद्दल माफी मागितली, आणि सहकाऱ्यांना श्रेय द्यायला सांगितलं.

आता डिस्क. आधी डीडीरेस्क्यू या डिस्क उतरवून घेणाऱ्या प्रोग्रॅमने पूर्ण प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करा. भुसावळच्या मे महिन्यात जुनी डिस्क दुपारी तासन्‌तास चालवू नका. रात्री, यूपीएसवर, पंखा लावून घ्या. ६.१२ किंवा त्याआधीचा, रायझरएफएसचं मॉड्यूल असलेला कर्नल घ्या आणि प्रत रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, माउंट करा. रायझरएफएसके या दुरुस्तीच्या प्रोग्रॅमची 'रीबिल्ड-ट्री', म्हणजे फाइलींची मांडणी (झाड) नव्याने उभारणं, ही शेवटची पायरी समजा. डिस्कमध्ये दुसऱ्या रायझरएफएसची प्रतिमा फाइल म्हणून ठेवलेली असेल, तर 'रीबिल्ड-ट्री' दोन्ही झाडं एकत्र कालवून टाकते.

खरी फसगत होते एक्स्ट४ या आजच्या नेहमीच्या लिनक्स फाइलसिस्टीमवर उतरवताना. रायझरएफएस छोट्या फाइली आणि फाइलींची शेपटं एकाच ब्लॉकमध्ये दाबून बसवते, आणि तिला आयनोडची (प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदीची) ठरलेली मर्यादा नसते. ५०० बाइटच्या १० लाख फाइली एक्स्ट४ वर प्रत्येकी ४०९६ बाइटचा ब्लॉक खातात, म्हणजे जवळपास ४ जीबी. १० जीबीच्या पार्टिशनवर त्या मावतील असं वाटतं. पण एक्स्ट४ सहसा दर १६,३८४ बाइटमागे एकच आयनोड बनवते, म्हणजे साधारण साडेसहा लाख. निम्म्याहून जास्त जागा मोकळी असताना 'जागा नाही' असा संदेश येतो, आणि माणूस डिस्कलाच दोष देत बसतो. म्हणून फॉरमॅट करताना दर आयनोडमागच्या बाइटचा आकडा १६,३८४ ऐवजी ४०९६ द्या. मग आरसिंक या प्रोग्रॅमने कॉपी करा, आणि दुसऱ्यांदा चेकसम लावून कोरडी फेरी चालवा, म्हणजे काही न लिहिता फक्त दोन्हीकडच्या फाइली ताडून पाहा. एकही फाइल वेगळी निघाली नाही, तरच जुनी डिस्क मोकळी करा.